मुर्याचा बिशप निकोलस : तांबड्या अंगरख्यामागील मनुष्य

नाताळचा सण जवळ आला म्हणजे हिंगोली, वसमत, कळमनुरी अशा गावांच्या बाजारपेठांत तांबड्या टोप्या व कापसाच्या पांढऱ्या दाढ्या टांगलेल्या दिसू लागतात. शाळांतून लहान मुलांस तांबडा अंगरखा चढवून, पाठीवर झोळी देऊन, गोळ्या व मिठाई वाटावयास उभे करतात. ही चाल आता ख्रिस्ती घरांपुरती राहिलेली नाही. ज्या घरांत येशू ख्रिस्ताचे नाव घेतले जात नाही, त्या घरांतील मुलेही हा वेष मोठ्या हौसेने घेतात. तेव्हा खेड्यातील एखाद्या शेजाऱ्याने आपल्या उपदेशकास गाठून, हा दाढीवाला बाबा तुमचा देव आहे काय, किंवा तो येशूचा बाप आहे काय, असे विचारले तर त्यात नवल नाही. उत्तर देताना उपदेशकाने अडखळू नये, म्हणून हा वृत्तांत वाचकांपुढे ठेवीत आहो.

परक्या मुलखातून आलेली चाल आपण उचलावी आणि तिचा मूळ अर्थ मागेच राहावा, असे पुष्कळदा घडते. नाताळ हा शब्दच पाहा. तो पोर्तुगीज लोकांबरोबर आपल्या किनाऱ्यावर उतरला आणि मराठीत इतका मुरला की, तो परका आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. त्याचा अर्थ जन्म एवढाच आहे. हिंदुस्थानी भाषेत याच सणास बडा दिन म्हणतात, आणि त्या नावात तर जन्माचा उल्लेखही नाही. तांबड्या अंगरख्याच्या बाबाचेही असेच झाले आहे. त्याचे सांताक्लॉज हे नाव मुलांस पाठ आहे. पण तो एका खऱ्या मनुष्याच्या नावाचा अपभ्रंश आहे, हे थोड्यांसच ठाऊक असते. तो मनुष्य देव नव्हता, देवदूत नव्हता, आणि बर्फाच्या मुलखातलाही नव्हता. तो एका मंडळीचा पाळक होता. त्याचे नाव निकोलस.

ज्या देशास आज तुर्कस्तान म्हणतात, त्याच्या दक्षिण किनाऱ्यावर प्राचीन काळी लुक्या नावाचा प्रांत होता. प्रेषितांची कृत्ये वाचणाऱ्यांस हे नाव अपरिचित नाही. पौल यरुशलेमेकडे शेवटचा प्रवास करीत असता त्याने लुक्यातील पातरा या बंदरी गलबत बदलले. पुढे तो बंदिवान होऊन रोमेकडे जात असता त्याच प्रांतातील मुर्या या नगरी त्याला आलेक्सांद्रियाच्या एका तारवात चढविण्यात आले. त्या तारवात गहू भरलेला होता. ही दोन्ही नावे वाचकांनी ध्यानात ठेवावी. पौलानंतर सुमारे दोनशे वर्षांनी, म्हणजे तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात, निकोलस पातरा येथे जन्मला, अशी परंपरा आहे. आणि तो मुर्या येथील मंडळीचा बिशप झाला. मुर्यास नकाशात मायरा असे नाव आढळते, व तेथील हल्लीच्या गावास देमरे म्हणतात. तो उबदार समुद्रकिनारा आहे, तेथे संत्र्यांच्या बागा होतात. चित्रांतील घसरगाडी आणि तिला जुंपलेली रेनडिअर हरणे यांचा त्या गावाशी काडीइतकाही संबंध नाही.

येथे एक गोष्ट आरंभीच सांगितली पाहिजे. निकोलसच्या हातचे एकही पत्र किंवा पुस्तक आज उपलब्ध नाही. त्याचे सविस्तर चरित्र लिहिले गेले ते त्याच्या मृत्यूनंतर कित्येक शतकांनी. म्हणून त्याच्याविषयी जे सांगतात, त्यात इतिहास किती व भक्तांच्या प्रेमाने घातलेली भर किती, हे वेगळे करणे कठीण आहे. आपल्या जिल्ह्यातील लोकांस हे समजावून सांगण्याची गरज नाही. नरसी हे संत नामदेवांचे गाव म्हणून येथे प्रसिद्ध आहे, आणि औंढ्याचे देऊळ त्यांच्या कीर्तनासाठी फिरले ही कथा पोराटोरांस ठाऊक आहे. ज्याच्यावर लोकांनी मनापासून प्रेम केले, त्याच्या नावाभोवती कथा जमतात. तथापि त्या कथांवरून एवढे कळतेच की, तो कशासाठी लोकांच्या स्मरणात राहिला. निकोलसच्या कथांतून जे दिसते ते येणेप्रमाणे.

त्याचे आईबाप ख्रिस्ती व सधन होते. तो तरुण असतानाच ते दोघे साथीच्या रोगात वारले आणि सारी मालमत्ता त्याच्या हाती आली. त्याच गावात एक खानदानी पण बुडालेला गृहस्थ राहत असे. त्याला तीन उपवर मुली होत्या. रोमी राज्यात मुलीच्या विवाहास हुंडा लागे, आणि हुंडा नसलेल्या मुलीस चांगले स्थळ मिळणे दुरापास्त होते. कर्ज मिळेना, अन्न मिळेना, नातेवाईक उंबरा चढेनात. अखेरीस त्या बापाच्या मनात, मुलींस पापाच्या बाजारात विकावे आणि उरलेल्यांनी तरी जगावे, असा भयंकर विचार आला.

ही वार्ता निकोलसच्या कानी गेली. त्याला त्या गृहस्थाच्या घरी दिवसा उजळमाथ्याने जाऊन पैसे देता आले असते. परंतु त्याने विचार केला की, अन्नाने पोट भरते तशी लाजेने मान खाली जाते. ज्याची एकदा अब्रू होती, त्याला चार लोकांदेखत भीक घालणे म्हणजे त्याची उरलीसुरली अब्रूही काढून घेणे होय. म्हणून तो रात्री गेला. सोन्याच्या मोहरांची एक थैली त्याने खिडकीतून आत टाकली आणि कोणी जागे होण्यापूर्वी तो निघून गेला. सकाळी बापाने थैली पाहिली. त्याला प्रथम ते स्वप्न वाटले. मग त्याने देवाचे आभार मानले आणि थोरल्या मुलीचे लग्न लावून दिले. काही दिवसांनी दुसरी थैली आली, व दुसरीचे लग्न झाले. तेव्हा हा दाता कोण, हे जाणल्यावाचून राहावयाचे नाही, असा त्या बापाने निश्चय केला आणि तो रात्री जागत बसला. तिसरी थैली खाली पडताच तो धावत सुटला व अंधारात त्याने निकोलसचे पाय धरले. निकोलसने त्याला उठविले, आणि आपण जिवंत असेपर्यंत ही गोष्ट कोणास सांगणार नाही, असे वचन त्याच्याकडून घेतले.

प्रभूने डोंगरावरील प्रवचनात दानधर्माविषयी जे शिकविले आहे, ते उपदेशकांस ठाऊकच आहे : दान करताना गाजावाजा करू नये, उजव्या हाताचे डाव्यास कळू नये. निकोलसने ती शिकवण शब्दशः घेतली, एवढेच या कथेत विशेष आहे. लोक पुढे ज्या चालीस नाताळची भेट म्हणू लागले, तिचे बीज या तीन रात्रींत आहे.

तो बिशप झाल्याचा वृत्तांतही असाच सांगतात. मुर्याचा जुना बिशप वारला. नवा कोण निवडावा यावर आसपासच्या मंडळ्यांच्या पुढाऱ्यांचे एकमत होईना. शेवटी असे ठरले की, पहाटे प्रार्थनेस जो निकोलस नावाचा मनुष्य सर्वांच्या आधी येईल तोच देवाने निवडलेला समजावा. आमच्या निकोलसला या ठरावाचा पत्ता नव्हता. तो आपल्या नेमाप्रमाणे पहाटेच आला आणि दाराशीच अडविला गेला.

तो काळ सुखाचा नव्हता. इसवी सन ३०३ मध्ये रोमी बादशहा डायोक्लेशियन याने ख्रिस्ती लोकांचा मोठा छळ आरंभिला. उपासनामंदिरे पाडली गेली, शास्त्राच्या प्रती जाळल्या गेल्या, पाळकांस तुरुंगात घालण्यात आले. निकोलसही बेड्यांत पडला, असे परंपरा सांगते. इ. स. ३१३ मध्ये बादशहा कॉन्स्टंटाइन व लिसिनियस यांनी ख्रिस्ती धर्मास मोकळीक दिली. इ. स. ३२५ मध्ये नायसिया येथे बिशपांची थोर परिषद भरली. तीत हजर असलेल्यांच्या ज्या याद्या आज मिळतात, त्यांतील काहींत निकोलसचे नाव आहे व काहींत नाही.

त्याच्याविषयीच्या सर्व कथांत जी अत्यंत जुनी समजली जाते, ती मात्र दानाची नव्हे, न्यायाची आहे. मुर्या येथील सुभेदाराने लाच खाऊन तीन निरपराधी मनुष्यांस देहान्त शिक्षा फर्माविली. निकोलस त्या वेळी गावाबाहेर होता. बातमी कळताच तो तातडीने परतला. तो पोहोचला तेव्हा त्या तिघांचे डोळे बांधलेले होते, त्यांनी गुडघे टेकले होते आणि मारेकऱ्याने तलवार उगारली होती. निकोलस गर्दीतून पुढे घुसला, त्याने ती तलवार मारेकऱ्याच्या हातून हिसकावून जमिनीवर फेकली आणि त्या तिघांची बंधने सोडली. मग त्याने सुभेदारास सर्वांसमक्ष त्याच्या लाचखोरीचा जाब विचारला. जो मनुष्य दान देताना अंधार शोधीत असे, तोच गरिबाचा जीव वाचविताना भर चौकात उभा राहिला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

तिसरी कथा दुष्काळाची आहे. लुक्यात धान्य पिकेनासे झाले. आलेक्सांद्रियाहून राजधानीकडे सरकारी गहू घेऊन जाणारी तारवे मुर्याच्या बंदरात थांबत. पौल चढला ते याच जातीचे तारू होते. निकोलस बंदरावर गेला आणि प्रत्येक तारवातून थोडथोडा गहू उतरवून द्यावा, अशी त्याने तांडेलांस विनंती केली. गहू मोजून भरलेला होता. कमी पडल्यास त्यांच्या जिवावर बेतले असते. निकोलसने ती जबाबदारी आपल्या शिरावर घेतली. पुढे राजधानीत माप केले तेव्हा दाणाही कमी भरला नाही, आणि मुर्याच्या लोकांस मिळालेला गहू खाण्यास व पेरण्यास पुरला, असे सांगतात. मापाचा चमत्कार कोणी मानो वा न मानो. परंतु १९७२ सालच्या दुष्काळात परदेशातून जहाजांनी आलेली तांबडी मिलो ज्वारी खाऊन ज्यांनी दिवस काढले, त्यांस भुकेल्या गावी धान्याचे तारू लागणे म्हणजे काय, हे सांगावे लागणार नाही.

चौथ्या शतकाच्या मध्याच्या सुमारास निकोलस वारला. त्याची पुण्यतिथी ६ डिसेंबर मानतात. महाराष्ट्रात ही तारीख डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या १९५६ सालच्या महापरिनिर्वाणाची म्हणून सर्वांस ठाऊक आहे, त्यामुळे ती लक्षात ठेवण्यास कठीण नाही. त्याला मुर्या येथेच पुरले. इ. स. १०८७ मध्ये इटलीतील बारी नगरच्या खलाशांनी त्याच्या अस्थी उचलून आपल्या गावी नेल्या. ग्रीस, रशिया व युरोपचे इतर देश येथे त्याच्या नावाची शेकडो देवळे उभी राहिली. लोक त्याच्याकडे नवस बोलू लागले, त्याच्या अस्थींपुढे लोटांगणे घालू लागले. ज्याने आपले नावही लपविले होते, त्याच्या नावाचा असा बाजार व्हावा, हे त्याला खचित रुचले नसते. आपण त्याचे चरित्र आदराने वाचावे. प्रार्थना मात्र ज्या प्रभूची त्याने सेवा केली त्याचीच करावी.

आता तो नाताळात कसा आला, हे थोडक्यात सांगतो. युरोपात त्याच्या सणाच्या आदल्या रात्री मुले आपले जोडे दाराशी किंवा चुलीशी ठेवीत, आणि आईबाप गुपचूप त्यांत खाऊ घालीत. खिडकीतून पडलेल्या थैलीची ती आठवण होती. सोळाव्या शतकात धर्मसुधारणा झाली तेव्हा जर्मनीत लूथर व त्याचे अनुयायी यांनी भेटीचा दिवस निकोलसच्या सणावरून नाताळावर आणला, आणि भेट देणारा निकोलस नसून बाळ ख्रिस्त आहे, असे मुलांस शिकविले. हॉलंड देशातील लोकांनी मात्र निकोलसला घरातून जाऊ दिले नाही. त्यांच्या भाषेत त्याचे नाव सिंटरक्लास झाले. तेच लोक सतराव्या शतकात अमेरिकेत जाऊन राहिले. ज्या गावास आज न्यूयॉर्क म्हणतात, ते मूळचे त्यांचेच. तेथे इंग्रजी बोलणाऱ्यांच्या तोंडी सिंटरक्लासचा सांताक्लॉज झाला.

पुढचे काम लेखक व चित्रकार यांनी केले. १८०९ साली वॉशिंग्टन आयर्विंग या लेखकाने न्यूयॉर्कच्या एका विनोदी इतिहासात त्याचे वर्णन केले. १८२३ साली ट्रॉय गावच्या एका वर्तमानपत्रात छापलेल्या कवितेने त्याला आठ रेनडिअरांची गाडी दिली आणि धुराड्यातून घरात उतरविले. १८६३ पासून थॉमस नास्ट या चित्रकाराने त्याला गोल पोट व केसाळ कातड्याचा पोशाख दिला. १९३१ पासून कोका-कोला या पेयाच्या जाहिरातींत त्याचे हसरे, तांबड्या पोशाखातील चित्र येऊ लागले व ते जगभर पसरले. तांबडा रंग त्या कंपनीने काढला असे पुष्कळ लोक म्हणतात, पण ते बरोबर नाही. तो त्यापूर्वीच्या चित्रांतही आढळतो.

येणेप्रमाणे बिशपाच्या झग्याचा अंगरखा झाला, त्याच्या मुकुटाची टोपी झाली आणि खिडकीचे धुराडे झाले. एवढ्याने फारसे बिघडले नसते. परंतु याहून मोठा एक फरक पडला. हा बाबा शहाण्या मुलांस भेट देतो व हट्टी मुलांस देत नाही, असे आता सांगतात. निकोलसने त्या तीन मुलींची वर्तणूक तपासली नव्हती. त्या अडचणीत आहेत, एवढेच त्याने पाहिले. शिवाय हल्लीचा बाबा घंटा वाजवीत येतो आणि त्याच्या हातून भेट घेताना मुलाचे छायाचित्र काढले जाते. ज्या चालीचा प्राण गुप्तपणात होता, ती चाल आपल्याकडे आली ती घंटेसह आली.

मग मंडळीने तांबड्या टोप्या जाळाव्या काय? तसे करण्याचे काही कारण नाही. लेकरांचा आनंद निर्दोष आहे, आणि आजवर अनेक देशांच्या चाली आपण घेतल्या आहेत. परंतु टोपीबरोबर गोष्टही घरात आली पाहिजे. पाळकांनी व उपदेशकांनी नाताळच्या आधीच्या रविवारी ती मुलांस सांगावी. शेजाऱ्याने विचारल्यास स्पष्ट सांगावे की, हा आमचा देव नव्हे व आम्ही याची पूजा करीत नाही. हा गरिबाची लाज राखणारा एक पाळक होता.

आणि ही गोष्ट सांगताना तिच्यातील हुंड्यावरून घाईने पुढे जाऊ नये, कारण आपल्या मराठवाड्यास झोंबणारा भाग तोच आहे. १९६१ सालच्या कायद्याने हुंडा देणे व घेणे हे दोन्ही गुन्हे ठरविले आहेत. तरी मुलीच्या लग्नासाठी जमीन गहाण टाकणारा, सावकाराचे कर्ज काढणारा आणि ते फेडण्यासाठी कोयता घेऊन ऊसतोडीस जाणारा बाप आजही आपल्यामध्ये आहे. ख्रिस्ती घरांनीही आपली घरे या रोगापासून मोकळी आहेत असे उगाच समजू नये. कोठे तो रोख रकमेच्या रूपाने येतो, कोठे मोटारसायकलीच्या, तर कोठे मंडपाच्या व जेवणावळीच्या खर्चाच्या रूपाने येतो.

निकोलसच्या काळी हुंड्याची चाल मोडणे त्याच्या हाती नव्हते. म्हणून त्याने आपले सोने देऊन तीन मुली सोडविल्या. आपल्या हाती त्याहून सोपा उपाय आहे. मुलाच्या बापाने काही मागितले नाही, आणि मुलाने काही घेतले नाही, तर मुलीच्या बापाच्या घरी सोन्याची थैली पडल्यासारखेच आहे, व त्यास एक मोहरही खर्च होत नाही. या नाताळात ज्यांच्या घरी लग्नाची बोलणी चालली असतील, त्यांनी याचा विचार करावा.

ज्यांच्या घरी तशी बोलणी नाहीत, त्यांनीही आपल्या गल्लीकडे पाहावे. कोणाचे आईबाप ऊसतोडीस गेले आहेत व मुले आजीजवळ राहिली आहेत, कोणा विधवेच्या घरी सणास नवे वस्त्र नाही, कोणाच्या मुलीचे शिक्षण फीसाठी थांबले आहे, हे खेड्यात कोणापासून लपत नाही. त्यांस जे द्यावयाचे ते उपासनेत नावे वाचून देऊ नये. रात्री जाऊन उंबऱ्याच्या आत ठेवावे आणि परत यावे. त्या गृहस्थाने आपले वचन पाळले असते, तर निकोलसचे नाव आज आपणांस ठाऊकही नसते. तरी त्या तीन मुलींची लग्ने झालीच असती.